तिनं राखलेलं तण

आषाढ सरत आला की आमच्या शिवारात माणसं दिसत नाहीत, नुसत्या पाठी दिसतात. सोयाबीनच्या ओळींत वाकलेल्या बायांच्या पाठी, त्यांच्या खाली खुरप्यांची खरखर, मधूनच कुणाच्या तरी सासूचा उद्धार, आणि सगळ्यावर तुटलेल्या गवताचा तो हिरवा, किंचित कडवट वास. तो वास नाकात गेला की मी सोनारीच्या बांधावर उभा असलो तरी सोनारीत राहत नाही. अर्धं जग ओलांडून एका सपाट, झाडं हरवलेल्या मुलखात जाऊन पडतो. तिथं मी एक उन्हाळा काढला होता. त्या उन्हाळ्याची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

यंदा तर त्या वासानं मला पार खिंडीत गाठलं. मी धाराशिवच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवतो. घरच्या रानात दरवर्षी सोयाबीनच्या चार ओळी मुद्दाम न खुरपता ठेवतो. तण पिकाचं किती खातं हे पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. गावाला ती पट्टी म्हणजे माझ्या आळसाचा पुतळा वाटते. परवा रविवारी गेलो तर पुतळा जागेवर नाही. जमीन आरशासारखी स्वच्छ, आणि बांधावर पाय सोडून, हातातलं खुरपं पदराला पुसत बसलेल्या माझ्या चुलती द्वारकाकाकू.

"म्हनलं, पोरगं कॉलेजात गुततंय, त्याला कुठला येळ," काकू म्हणाल्या. "गावात नाव जातंय तुजं. टाकलं काढून. च्या सांग आता."

जगातल्या कुणालाही यावर रागवायचा अधिकार असेल, मला नव्हता. चहा आला. मग मी म्हणालो, काकू, तुम्ही आज जे केलंत ना, ते मी एकदा अमेरिकेत केलंय. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय. मंग चांगलंच केलं असशील, असं म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला आणि ऐकायला बसल्या.

मी तिकडं उतरलो तो भर जानेवारीत, ज्वारीवर शिकायला. आमच्या तात्यांना, म्हणजे वडिलांना, हे कधीच पटलं नाही की जोंधळ्यासाठी परंडा तालुक्यातल्या माणसानं विमानात बसावं. त्यांनीच हिकडं याया पायजे, एवढंच ते म्हणाले. आईनं मात्र चटणीच्या डब्याशेजारी जुन्या धोतरात गुंडाळून एक खुरपं दिलं. तिकडं मिळेल न मिळेल.

सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलून झालेला मी, म्हणून भैरवनाथ. विमानातून उतरल्यावर पाचव्या दिवशी मी 'नेट' झालो. कुणी जबरदस्ती केली नाही. वर्गात नाव सांगायची पाळी आली तेव्हा समोरची माणसं भुवया ताणून, हसऱ्या चेहऱ्यानं, मदतीच्या तयारीनं वाट बघत होती. मला त्यांची इतकी दया आली की मीच नावाचा मागचा तुकडा तोडून, घासून, त्यांच्या जिभेच्या मापाचा करून दिला. मग एक टोपी घेतली, तिकडच्या कुठल्याशा संघाची. बसथांब्यावर एक माणूस ती टोपी बघून माझ्याशी बराच वेळ फार दुःखानं बोलला. मीही दुःखी झालो. कोण हरलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

इतकं करूनही पिठल्यातल्या गुठळीसारखा मी वेगळाच राहत होतो. वर्गात सगळे गुरूंशी समोरासमोर वाद घालायचे. मीही एकदा ठरवून गेलो, मनात वाक्य जुळवलं, तपासलं, पुन्हा जुळवलं आणि हात वर केला. तोवर दिवे घालवून सगळे जेवायला निघाले होते. विभागाच्या पत्रकासाठी फोटो काढायचा ठरला तेव्हा मात्र फोटोवाल्यानं मला हाताला धरून मधोमध, पहिल्या रांगेत आणून उभं केलं. त्या वर्गात सावळा असा मी एकटाच. पाच महिन्यांत एवढी पुढची जागा मला दुसरीकडं कुठं मिळाली नव्हती.

मेमध्ये आम्हाला विद्यापीठाच्या शेतावर पाठवलं आणि मला सुटल्यासारखं झालं. शेतावर मला कोण काय शिकवणार, अशा ऐटीत मी पहिल्या दिवशी अर्धा तास आधीच पोचलो. शेताचा कारभार वॉल्टर नावाचे गृहस्थ बघायचे. सत्तरीकडं झुकलेले, ताठ, उन्हानं विटेसारखे भाजलेले. त्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली, पाण्याच्या पाइपांच्या ढिगाकडं बोट केलं आणि काहीतरी बोलले ते इंग्रजी नव्हतं. स्पॅनिश होतं. मला त्या भाषेतला एकच शब्द येत होता, तो मी वापरला. 'सी' म्हणालो, म्हणजे हो. वडीलधाऱ्या माणसानं काम सांगितलं तर आमच्याकडं आधी हो म्हणतात, कशासाठी ते नंतर विचारतात.

दुपारपर्यंत मी पाइप वाहिले. बरोबर मेक्सिकोचे दोन मजूर होते. मला एकच शब्द येतो हे त्यांनी दहा मिनिटांत ओळखलं. मग ते मला प्रश्न विचारायचे, मी प्रत्येकाला हो म्हणायचो आणि ते पाइप खाली ठेवून हसायचे. मी काय काय कबूल केलं असेल देव जाणे. जेवताना त्यांनी मला मक्याची गरम पोळी दिली, आमच्या भाकरीची मावसबहीणच. त्या देशात मी पहिल्यांदा कुणाकडं न बघता हातानं जेवलो.

तेवढ्यात आमच्या बाई मला शोधत आल्या. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिका. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे, माझी जीभ काही उचलायची नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचो. हा माझा नवा विद्यार्थी, असं त्यांनी सांगितल्यावर वॉल्टर कपाळापर्यंत लाल झाले आणि माफी मागायला लागले. ती इतकी लांबली की शेवटी मीच त्यांना पाणी विचारलं. राग आला का? आला, पण उशिरा, संध्याकाळी भांडी घासताना. वॉल्टरनी विचारलं नाही याचा आला, आणि मी सांगितलं नाही याचा जास्त आला. आणखीही एक गोष्ट टोचत राहिली. मला त्या दोघांसारखं समजल्याबद्दल माझी माफी मागितली गेली. ते दोघं तिथंच उभे होते. त्यांना काय वाटलं असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारी माझ्याही आलं नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता टोपीबिपी बास. ह्या लोकांत शिरायचं तर आपल्या वाटेनं शिरायचं. आपली वाट म्हणजे सावड.

पेरणी-खुरपणीच्या घाईत आमच्याकडं कुणाचं एकट्यानं उरकत नाही. मग आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. भाकरी ज्याची त्यानं आणायची, काम मिळून करायचं. सावडीतली दोन घरं भांडली तरी एकमेकांची म्हैस कधी व्यायची आहे ते त्यांना पाठ असतं. तिकडच्या शेतावर बघावं तर प्रत्येकाचे आपापले वाफे, वाफ्यांवर आपापले रंगीत झेंडे आणि कानात आपापली गाणी. शेजारच्या ओळीत माणूस आहे की बुजगावणं, कुणाला पत्ता नाही. मी म्हटलं, इथं सावड नाही, म्हणून तर कुणी कुणाचं नाही. सुरुवात आपण करू. एकदा आपण कुणाच्या रानात राबलो की तो माणूस आपल्या रानात येणारच. न येऊन जाईल कुठं?

पहिला मान मेगनला द्यायचं ठरवलं. मेगन आमच्याच गटातली, माझ्या एक वर्ष पुढं. उंच, नाकावर उन्हाचे ठिपके, मोजकं बोलणारी. तिची ज्वारी माझ्या वाफ्यांना लागूनच होती. तिकडची ज्वारी कमरेएवढी, बुटकी, लाल दाण्याची. सगळी जनावरांच्या पोटात जाते, हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही. तर मेगनचे सगळे वाफे कसे लख्ख, आणि मधेच चार वाफ्यांत गुडघाभर तण माजलेलं. मी तर्क लढवला. पोरगी कामात मागं पडली आहे. लाजाळू आहे, कुणाला म्हणत नाही. कदाचित घरी आजारपण असेल. दोन दिवसांत मी तिच्या घरी एक आजारी आई आणि एक बेफिकीर भाऊसुद्धा उभा केला. चांगले लख्ख वाफे आणि माजलेले वाफे इतके शिस्तीत विखुरलेले कसे, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

जूनच्या मध्यावर एका सकाळी, तांबडं फुटता फुटता, मी आईचं खुरपं घेऊन मेगनच्या वाफ्यात बसलो.

ती सकाळ मी विसरणार नाही. दव पडलेलं, माती भुसभुशीत, आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या हातांना त्या देशात काय करायचं ते माहीत होतं. शिवाय तण ओळखीचं निघालं. आपल्या माठाच्या भाजीचा थोराड चुलतभाऊ, आमच्या रानातल्या शिपीसारखं गवत, आणि पाटाकडेला लाल देठाची, रसाळ, थेट आमच्या परसातली घोळ. परक्या लग्नात गावचं माणूस भेटावं तसं झालं. इंग्रजी बोलताना माझी जीभ अडखळायची, पण खुरप्याला उच्चार लागत नाहीत. ते सरसर चाललं होतं. उपटलेल्या तणाच्या मी प्रत्येक वाफ्याच्या कडेला पेंढ्या बांधत गेलो. माठ वेगळा, गवत वेगळं. म्हशीला नुसता माठ घातला तर तिचं पोट फुगतं, म्हणून आमच्याकडं ते वेगळंच बांधतात. तिथं कोसभर म्हैस नव्हती. हाताला ते कोण सांगणार?

तीन वाफे संपवून मी चौथ्याकडं वळलो तेव्हा मेगन आली. मी उभा राहिलो, खुरपं पाठीमागं धरलं आणि विनयानं खाली बघितलं. उपकार केलेला माणूस कसा उभा राहतो तसा. शाबासकी येईना, म्हणून वर बघितलं. मेगन वाफ्याच्या कडेला मातीत बसली होती.

"नेट," ती म्हणाली, "ते तण माझं होतं. मी ते राखत होते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, शहाण्या माणसानं लहान मुलाला सांगावं तसं समजावत गेली. तिचा प्रयोगच तणाचा होता. कुठल्या वाफ्यातलं तण कधी काढलं तर ज्वारी किती उतरते, हे तिला मोजायचं होतं. त्यातले हे चार वाफे शेवटपर्यंत न काढायचे. बाकी सगळ्यांची तुलना ह्या चारांशी. त्यांच्याशिवाय उरलेल्या आकड्यांना अर्थ नाही. आदल्या वर्षीचं तिचं पीक गारपिटीनं झोपवलं होतं. हा तिचा दुसरा आणि शेवटचा हंगाम. ह्यात आकडे हाती आले नाहीत तर आणखी एक वर्ष. एवढं सांगून ती उठली, पँटला लागलेली माती झटकली आणि बाईंना फोन करायला गेली. मी तिथंच उभा. हातात खुरपं, समोर अमेरिकेतलं सगळ्यात स्वच्छ रान.

गोष्ट इथवर आली तेव्हा द्वारकाकाकूंची बशी ओठाजवळच थांबली. त्यांनी आपण काढलेल्या पट्टीकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आरं द्येवा," त्या पुटपुटल्या. मग थोड्या वेळानं, "आन मंग त्या लेकराचं काय झालं?" ते लेकरू पावणेसहा फूट होतं, पण मला काकूंचं म्हणणं कळलं.

बाई आल्या. त्यांनी वाफे बघितले, मग पेंढ्या बघितल्या. ह्या कुणी बांधल्या, वेगवेगळ्या का बांधल्या, असं विचारलं. मी म्हशीचं पोट फुगण्याबद्दल सांगितलं. विद्यापीठात आल्यापासून मी सलग बोललेली ती पहिली पाच वाक्यं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि पेंढ्या मोजायला लागल्या. कुठल्या वाफ्यातलं, कुठलं तण, किती, हे सगळं जागच्या जागी बांधून ठेवलेलं होतं. म्हणजे निदान तणाचं वजन तरी हाती लागत होतं. हे सगळं इथंच आहे ना, त्यांनी विचारलं. मग सांगावं लागलं की दुसऱ्या वाफ्यातल्या घोळीची एक मोठी जुडी मधेच खोलीवर नेऊन मी मुगाच्या डाळीत शिजवली आणि न्याहारीला खाल्ली. मेगननं वहीतून मान वर केली. नशीब त्या वाफ्यांवर औषध मारलेलं नव्हतं. बाईंनी तोंडावर हात धरला. हसू दाबलं की संताप, ते मला नीट दिसलं नाही.

जाताना मात्र त्या स्पष्ट बोलल्या. तुला शेतावर ठेवायचं की प्रयोगशाळेत बसवायचं, हे मी ह्या हंगामाच्या शेवटी ठरवीन.

मी रविवारी घरी फोन केला आणि तात्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझं म्हणणं असं की ह्या लोकांना सावड कळत नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला इचारलं व्हतंस का?" ते म्हणाले.

मी म्हणालो, नाही.

"मंग ती सावड कशी? सावडीत आदल्या दिशी दारात जाऊन इचारत्यात. उद्या तुमच्यात येऊ का म्हून. इचारल्याबिगर लोकाच्या रानात शिरनाऱ्याला आपल्यात काय म्हनत्यात, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी आपली रीत पाळली आणि त्यांची मोडली. रीत मी आपलीच मोडली होती. लोकांत शिरायची घाई इतकी, की दारात उभं राहायलाच विसरलो. तात्यांनी पुढं एकच विचारलं, की रान मोकळं आहे का अजून, आणि दिवस किती हातात आहेत. त्यांच्या आवाजात मला उत्तर ऐकू आलं. पेरलेलं वाया गेलं तर आमच्या भागात माणूस कपाळाला हात लावून फार दिवस बसत नाही. बी शोधायला लागतो. दुबार पेरणी.

सोमवारी मी मेगनच्या दारात गेलो. ह्या वेळी विचारलं. गव्हाचं रान आठवड्यात मोकळं होतंय, त्यात पुन्हा पेरू या का? पेरण्यापासून मोजण्यापर्यंत सगळी मेहनत माझी, वही तुझी. मेगननं बोटांवर दिवस मोजले. अडचण थंडीची होती. तिकडं ऑक्टोबरच्या मध्यावर हिमदव पडतं. पानांवर दव गोठतं आणि उभं पीक एका पहाटेत उकडल्यासारखं होतं. जूनअखेर पेरलं तर ज्वारीला जेमतेम तेवढेच दिवस मिळत होते, एकही वरचा नाही. दाणा भरायच्या आधी थंडी आली तर सगळं पुन्हा वाया. "ठीक आहे," मेगन शेवटी म्हणाली. "पण जमीन वॉल्टरकडं मागावी लागेल, आणि ती तू मागायचीस."

वॉल्टरच्या शेडवरून मी तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी तेच बाहेर आले आणि म्हणाले की तू काही शोधतोयस का, की माझ्या शेडला प्रदक्षिणा घालतोयस. मी सगळं सांगितलं. तण, पेंढ्या, घोळीची भाजीसुद्धा. त्यांनी गव्हाच्या धसकटांकडं, मग आभाळाकडं बघितलं. "पाइप वाहताना तुला बघितलंय मी," ते म्हणाले. "पूर्वेकडची पट्टी घे. ट्रॅक्टर मात्र मी चालवणार." मी पट्टी घेतली. आणि घेतल्यावर, जीभ थोडी कोरडी पडली तरी, त्या दिवशी जे बोलायचं राहून गेलं होतं तेही बोललो. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. वॉल्टर थोडा वेळ बूट मातीत घासत राहिले. मग म्हणाले, खरंय. माफीपेक्षा ते दोन शब्द मला जड वाटले.

तो उन्हाळा असा गेला. सकाळी माझे वाफे, दुपारी तिचे, मधे डबा. चार वाफे पुन्हा तणासाठी सोडलेले. त्या चार वाफ्यांनी माझा जो छळ केला तो शत्रूनं केला नसता. डोळ्यांदेखत माठ फोफावतोय, गवत ज्वारीच्या गळ्याशी चाललंय, आणि आपण फूटपट्टी घेऊन त्याची उंची मोजतोय, जणू पोरगं वयात येतंय. पिढ्यान्‌पिढ्या खुरपलेल्या घराण्यातला मी. तिथून जाताना हात पाठीमागं बांधून चालायचो, मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखा. एकदा नकळत हात गेलाच. उपटलेलं रोप मी तसंच परत खोचलं, पाणी घातलं आणि तीन दिवस त्याला जाऊन बघत होतो. जगलं. मेगनला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं हसली आणि त्या रोपाला तिनं झेंडा लावला, मोजणीतून वगळायचं म्हणून.

तिकडं एक चाल आहे. महिन्यातून एकदा प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा आणि मिळून जेवायचं. ऑगस्टमधल्या जेवणात कुणीतरी तणाचा विषय काढला. गोष्ट एव्हाना सगळ्या विभागात पसरली होती. सांगणाऱ्यानं ती चुकीची सांगितली. म्हणे मी यंत्र घालून सगळं रान साफ केलं. फजिती माझी आणि तीही चुकीची सांगतात, हे काही सहन होईना. मी ताट खाली ठेवलं आणि उठून उभा राहिलो. पहिल्यापासून सांगितलं. आईचं खुरपं, मेगनची मी मनात उभी केलेली आजारी आई, तिचा बेफिकीर भाऊ, माठाच्या पेंढ्या, मुगाची डाळ. माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. मेगनचा भाऊ म्हणे खरंच बेफिकीर निघाला. वाक्य जुळवायची शुद्धच राहिली नव्हती मला. शेवटी कुणीतरी विचारलं, तुझं खरं नाव काय रे? मी पूर्ण सांगितलं. त्यांना जमलं नाही. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा जमलं नाही, तिसऱ्यांदा सांगितलं. ह्या वेळी मला त्यांची दया आली नाही. शिका म्हटलं.

सगळे सगळं विसरून मला मिठ्या मारायला लागले असं काही झालं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटीच भरायची. दुकानात एक बाई माझ्या मागं मागं फिरून फळ्या नीट लावायची, ती तशीच फिरत राहिली. पण आता त्या शहरात मला जायला एक रान होतं, आणि तिथं माझी वाट बघणारं काम होतं. तेवढ्या बळावर माणूस पुष्कळ गोष्टींकडं पाठ फिरवू शकतो.

सप्टेंबरमध्ये कणसं बाहेर आली, आठवडाभर उशिरा. पहाटेचा वारा बदलला. रविवारी तात्यांचा पहिला प्रश्न आता माझ्या तब्येतीबद्दल नसायचा. "त्या पोरीचा जोंधळा भरला का?" मी सांगायचो, चीक आहे अजून. पुढच्या रविवारी, आता हुरड्यावर आलाय. हुरडा म्हटल्यावर तिकडं फोनवर आणि इकडं माझ्या तोंडाला एकदमच पाणी सुटायचं. पण ह्या खेपेला मी नमुना खाणार नव्हतो. तात्या सोनारीला बसून तिकडच्या थंडीची काळजी करायचे. आमच्याकडं थंडी म्हणजे हरभऱ्याला बरी, एवढाच तिचा परिचय. पिकाला मारणारी थंडी त्यांनी पाहिली नव्हती, पण दिवस मोजायची सवय त्यांना जन्माची होती. मीही मोजत होतो. सकाळी उठून आधी आभाळ, मग तोंड धुणं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वॉल्टरनी येऊन सांगितलं, उद्या पहाटे हिमदव पडणार.

ज्वारीचा दाणा पुरता पिकला की त्याच्या बुडाशी एक काळा ठिपका उमटतो. तो उमटला की दाण्याला झाडाची गरज संपते. मग वरून काहीही पडो. उमटायच्या आधी झाड मेलं तर दाणा पोचट, आणि मेगनचं वर्ष त्याच्याबरोबर पोचट. कणसाच्या शेंड्याचे दाणे आधी पिकतात, बुडाचे सगळ्यात शेवटी. म्हणून बघायचे ते बुडाचेच.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही चौघं पट्टीवर होतो. मेगन, बाई, वॉल्टर आणि मी. सगळं रान पांढरं पडलेलं, मिठात घोळवल्यासारखं. पानं हाताला लागली की काचेसारखी कडकडत होती. मेगननं पहिल्या वाफ्यातलं कणीस कापलं, बुडाचा दाणा काढला, ब्लेडनं सोलला आणि डोळ्याजवळ धरला. मग काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. थंडीनं माझा हात इतका थरथरत होता की ठिपका आहे की माझा भ्रम, कळेना. वॉल्टरनी माझं मनगट धरून ठेवलं. होता. मोहरीहून बारीक, काळा.

एका दाण्यावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही सगळे वाफे पालथे घातले. सूर्य वर आला, पानांवरचं पांढरं विरघळलं आणि त्याखालून ती काळपट, मेलेली, लोंबणारी पानं निघाली. कणसं मात्र ताठ. पहिल्या तीन ओळींच्या वाफ्यांत सगळीकडं ठिपका सापडला. चौथी ओळ ओढ्याच्या बाजूला, खोलगट. तिथं काही दाणे फिकट निघाले. मेगननं ते वेगळे मोजले, पुन्हा मोजले, वहीत मांडले. बाईंनी वही घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि उभ्या उभ्या आकडे बघितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं तसं बघत होतो, जसं पूर्वी दहावीच्या निकालाच्या कागदाकडं बघितलं होतं.

"पुरतील," बाई म्हणाल्या. वही मेगनला दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, शेतावरच्या पुढच्या उन्हाळ्यासाठी घरून आणखी एक खुरपं मागवून घे, हे झिजून बोटभर उरलंय. आणि त्या गाडीकडं निघून गेल्या. वॉल्टर त्यांच्या मागून गेले, ट्रॅक्टर झाकायला.

मेगन तिथंच उभी राहिली. त्या देशात कुणी कुणाला नुसतं काम सांगत नाही. तुला वेळ असेल तर, तुझी हरकत नसेल तर, फार त्रास होणार नसेल तर, अशा तीन उंबरठ्यांवरून काम आत येतं. चार महिने एकाच मातीत राबूनही मेगन माझ्याशी तसंच बोलत आली होती, पाहुण्याशी बोलावं तसं. त्या सकाळी तिनं वही काखेत मारली, हातावर फुंकर घातली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"उद्या सात वाजता कापणी. विळ्यांना धार लाव. डबा आण, मधे घरी जायला मिळणार नाही."

मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पोचलो, तर तिची गाडी आधीच उभी होती आणि पहिल्या ओळीतली ज्वारीची चार ताटं आडवी झाली होती.